लोखंडी सुरी: बाजारातून आणल्यापासून पावसाळा काढेपर्यंत

आठवडी बाजारात लोहाराच्या पालावरून घेतलेली सुरी बहुतेक घरांत दोन महिन्यांत एकतर गंजून फळीच्या मागे पडते, नाहीतर बोथट होऊन गुळाची ढेप फोडायच्या कामाला लागते. मग ‘लोखंडी सुरी टिकत नाही’ असं म्हणून स्टीलची आणली जाते. लोहाराचा दोष क्वचितच असतो. धुणं, घासणं, धार, तेल हे सगळं घरी झालेलं असतं, पण उलटसुलट क्रमाने. कच्च्या पात्यावर आधी चिंच-टोमॅटो कापले जातात, उठलेला काळेपणा तारेच्या घासणीने रोज खरवडला जातो, धार चाकवाल्याच्या हवाली होते आणि तेल आठवतं ते गंज चढल्यावर.

आपण ‘लोखंडी’ म्हणतो ती खरं तर पोलादाची असते. लोखंडात साधारण अर्धा ते एक टक्का कार्बन असला, की त्याला पाणी पाजून, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून, कडक करता येतं. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते गंजाला दाद देत नाही. या सुरीत ते नसतं. विळीचं पातंही बहुधा याच जातीचं, त्यामुळे धुणं, काळा थर, गंज आणि तेल यांबद्दल पुढे दिलेलं सगळं विळीलाही चालेल. धार लावायची पद्धत मात्र फक्त सुरीची आहे.

आधी जमवायचं सामान: हार्डवेअरच्या दुकानात ‘ऑइल स्टोन’ म्हणून मिळणारा, एक बाजू जाड आणि एक बारीक असलेला ८ इंची दगड; ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर; पांढरं व्हिनेगर; खायचा सोडा; खोबरेल तेल; मुठीसाठी जवसाचं तेल; आणि जुन्या सुती धोतराचे किंवा साडीचे चार-पाच तुकडे. जमलं तर १००० नंबरचा पाण्याचा दगडही घ्या. नसला तरी अडत नाही.

१. घेताना

चुंबक घेऊन जाऊ नका. सुऱ्यांना वापरतात ते बहुतेक स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. त्याऐवजी लोहाराला विचारून बारीक कानस वापरा. मुठीजवळच्या कोपऱ्यात, धारेच्या अगदी कडेला, एकदाच हलकी ओढा. कानस काचेवरून घसरल्यासारखी सरकली तर पाणी नीट बसलंय. लाकडात रुतावी तशी रुतून चकचकीत ओरखडा उठला तर पातं मऊ आहे. तीच कानस पाठीवर रुतली तर घाबरू नका. पुष्कळ लोहार फक्त धारेच्या बाजूलाच पाणी पाजतात, आणि ते चांगलंच आहे: धार कडक राहते, पाठ चिवट राहते.

मग पातं डोळ्यासमोर धरून पाठीच्या रेषेत पाहा, वाकडं असेल तर तिथेच कळतं. मूठ सैल धरून पात्यावर नखाने टिचकी मारा. स्वच्छ आवाज उठला पाहिजे. बद्द आवाज आला तर पात्याला चीर असते नाहीतर मूठ सैल बसलेली असते.

गाडीच्या कमानीच्या पाट्यापासून केलेली सुरी घरकामाला उत्तम. पाठीवर करवतीच्या दातांच्या खुणा दिसल्या तर ती मशीनच्या हॅक्सॉ ब्लेडपासून केलेली आहे. ती कडक असते, पण साध्या दगडाला लवकर दाद देत नाही आणि आडवा जोर पडला की तडकते. नवख्याने ती घेऊ नये.

पातं ५ ते ६ इंच लांब आणि ३ ते ४ सेंटिमीटर रुंद पुरे. जाडी मात्र पाहाच. पाठीला २ मिलिमीटरच्या वर असलेली सुरी भाजी कापत नाही, फाडते.

सावध: धारेलगत निळा-जांभळा पट्टा दिसला तर सुरी परत ठेवा. यंत्राच्या चाकावर घासताना ती तापली आहे आणि तिथलं पाणी उतरलं आहे.

२. पहिली धुलाई

नव्या पात्यावर मशीनचं तेल, काजळी, कधी काळा रंग किंवा लाखेसारखा चमकदार थर असतो. तो पोटात जाता कामा नये, आणि तो असताना पुढचा काळा थरही बसत नाही.

गरम पाण्यात भांड्याचा साबण घेऊन कापडाने पाठीकडून धारेकडे पुसत धुवा. धारेच्या लांबीवर बोट फिरवायचं नाही. चमकदार थर निघाला नाही तर थिनरचा बोळा फिरवा. हे काम अंगणात, चुलीपासून लांब. मग परत साबणाने दोनदा धुवा.

तपासा: पात्यावर पाण्याचा थेंब टाका. तो पसरला तर तेल निघालं. गोळी होऊन घरंगळला तर अजून एकदा धुवा.

धुतल्याबरोबर कोरडी करा. तेल निघालेलं नवं पातं सगळ्यात नाजूक असतं. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचे थेंब राहिले तर अर्ध्या तासात तांबडे ठिपके उठतात.

३. मूठ, धार लावायच्या आधी

ही पायरी बहुतेक जण गाळतात. पातं गंजून तुटतं ते सहसा मधे नाही, तर मुठीच्या तोंडाशी. तिथल्या फटीतून पाणी आत जातं आणि मुठीत गेलेलं लोखंडाचं शेपूट आतल्या आत खात राहतं. वरून काहीच दिसत नाही. चैत्र-वैशाखात चाळीस अंशांच्या पुढे ऊन गेलं की लाकूड आकसतं, शेंबी (मुठीच्या तोंडावरची धातूची कडी) सैल होते आणि फट वाढते.

शेंबीजवळ उजेडात पाहा. फट असेल तर ती पूर्ण कोरडी करून दोन नळ्यांचा इपॉक्सी गम भरा आणि २४ तास हात लावू नका. लोहार राळ किंवा लाख वितळवून भरतात, तीही चालते, पण गरम पाण्याने पुढे मऊ पडते.

मग मुठीला कच्चं जवसाचं तेल कापडाने चोळा, १५-२० मिनिटांनी वरचं सगळं पुसून काढा आणि एक दिवस वाळू द्या. असे तीन हात. पुसायचा कंटाळा केला तर मूठ कायमची चिकट होते.

सावध: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून मग फेका.

प्लास्टिकची मूठ असेल तर फक्त फट भरा.

४. पातं पातळ करणं आणि पहिली धार

बाजारातली सुरी नुसती बोथट नसते, धारेच्या मागे जाड असते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथेच होतो. कडेला कितीही धार आणली तरी मागची जाडी गेली नाही, तर गाजर कापताना कटकन फुटतं आणि भोपळ्यात सुरी अडकून बसते. म्हणून आधी पातळ करणं, मग धार.

दगड तयार करा. नवा दगड पाण्यावर वापरायचा की तेलावर, हे पहिल्याच दिवशी ठरवा, कारण एकदा तेल प्यायलेला दगड पाण्यावर नीट चालत नाही. स्वयंपाकाच्या सुरीला पाणीच बरं. दगड बुडबुडे थांबेपर्यंत, साधारण १० मिनिटं, पाण्यात ठेवा आणि ओल्या कापडावर ठेवा म्हणजे सरकणार नाही.

कोन मोजा. अंदाजाने धरलेला कोन पहिल्या दहा घासांत दोनदा बदलतो. पाठ दगडापासून किती वर ठेवायची हे पट्टीने मोजून घ्या. पातं ४ सेंटिमीटर रुंद असेल तर पातळ करताना पाठ ७ मिलिमीटर वर आणि धार लावताना सव्वा सेंटिमीटर वर. पातं ३ सेंटिमीटर असेल तर ५ आणि ९ मिलिमीटर. म्हणजे सुमारे १० आणि १८ अंश. पट्टी नसेल तर चौकोनी कागदाचा कोपरा दोनदा दुमडा: ९० चे ४५, ४५ चे साडेबावीस. धारेचा कोन त्याहून थोडा कमी.

पातळ करणं: जाड बाजूवर, कमी कोनात, धार पुढे आणि पाठ मागे ठेवून घासा. एका बाजूला ३०, मग दुसऱ्या बाजूला ३०. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असतं, म्हणून प्रत्येक घासात मुठीकडून टोकाकडे सरकत जा, नाहीतर मधे खोलगट धार होते. नव्या सुरीला याच्या दहा-बारा फेऱ्या लागू शकतात. हे काम एका बैठकीत उरकायचं नाही, आणि ते एकदाच करावं लागतं.

तपासा: गाजराची जाड फोड कापा. ‘कट्’ असा आवाज न होता सुरी शेवटपर्यंत उतरली तर थांबा.

धार: आता पाठ उचलून मोठा कोन घ्या. जाड बाजूवरच, फक्त एकाच बाजूने घासत राहा, जोवर उलट बाजूला तारेसारखी बारीक कड उठत नाही. कारखान्यात काम केलेल्यांना ती ‘बर’ म्हणून माहीत असते. पाठीकडून धारेच्या बाहेर अंगठा सरकवला की ती अडकते. टाचेपासून (धारेच्या मुठीकडच्या कोपऱ्यापासून) टोकापर्यंत सलग जाणवली पाहिजे. जिथे जाणवत नाही तिथे धार लागलेलीच नाही, मग घास कितीही झाले असोत. सलग बर आली की बाजू बदला आणि तेच करा.

मग दगड उलटा करून बारीक बाजूवर, निम्म्या दाबाने, प्रत्येक बाजूला १५ घास. त्यानंतर ५-५, ३-३, आणि शेवटी एक इकडे एक तिकडे असे दहा, नुसत्या सुरीच्या वजनाने. हे शेवटचे हलके घास बर काढण्यासाठी आहेत. बर तशीच राहिली तर सुरी पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखी चालते आणि चौथ्या दिवशी बोथट, कारण कापत होती ती बर. ती वाकली आणि गेली.

शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या खरखरीत बाजूवर, किंवा दगडावर वर्तमानपत्राची घडी ठेवून, पाठ पुढे करून १०-१० वेळा ओढा.

तपासा: धार नखावर तिरकी टेका. रुतून राहिली तर झाली, सरकली तर नाही. दिव्याखाली धार वर करून पाहा. धारदार कड दिसत नाही. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे ती बोथट आहे.

दगड मधे खोलगट झाला असेल तर सपाट शहाबादी फरशीवर बारीक वाळू आणि पाणी टाकून तो घासून सपाट करा. खोलगट दगडावर कोन राहत नाही.

सायकलवर चाक फिरवून धार लावणाऱ्याला सुरी द्यायचीच असेल तर एकच अट घाला: दोन-तीन घासांनंतर पाण्यात बुडव. ठिणग्यांचा झोत सलग पडू लागला की धारेची कड क्षणात तापते, आणि निळी पडली की गेली. पट्टा एक-दोन मिलिमीटरचा असेल तर हाताने दगडावर घासून मागे न्या. त्याहून रुंद असेल तर लोहाराकडून परत पाणी पाजून घ्या.

५. काळा थर मुद्दाम चढवणं

हरभरा काढताना विळा काळा पडतो तो झाडावरच्या आंबेमुळे, म्हणजे पानांवरच्या आंबट ओलीमुळे. सुरीवरचा काळेपणाही तसाच: आंबटाने लोखंडावर बसलेला घट्ट, पातळ थर. तो तांबड्या गंजाला रोखून धरतो, पूर्ण थांबवत नाही. तांबडं बोटाला लागतं, काळं लागत नाही, एवढा फरक लक्षात ठेवला की कधी घासायचं हा प्रश्न मिटतो.

हे काम धार लावल्यानंतरच, कारण दगडाचा चिखल थरावर ओरखडे उठवतो. पातं पुन्हा साबणाने धुऊन कोरडं करा. उंच स्टीलच्या पेल्यात व्हिनेगर कोमट करून ओता आणि ते शेंबीच्या बोटभर खाली राहील अशी सुरी उभी बुडवा. १० मिनिटांनी काढा, वर आलेली काळी साय कापडाने पुसा, परत बुडवा. अशा तीन फेऱ्या पुरे. राखाडी-काळा, डागाडागांचा रंग येईल. एकसारखा यावा म्हणून तासभर ठेवू नका. व्हिनेगर धारही खातं.

नंतर एक लिटर पाण्यात चमचाभर खायचा सोडा टाकून त्यात धुवा. हे राहिलं तर उरलेलं आंबट रातभरात तांबडं उठवतं. कोरडी करा, चामड्यावर ५-५ वेळा ओढा, खोबरेलचा हात फिरवा.

व्हिनेगर नको असेल तर पंधरा दिवस फक्त कांदा, बटाटा, मटण असं कापत जा, थर आपोआप बसेल. तोवर चुका, अंबाडी, कैरी, टोमॅटो स्टीलच्या सुरीने. वांगीही. कच्च्या लोखंडाने वांग्याच्या फोडी काळ्या पडतात. त्यात अपाय काही नाही, पण घरात कुरकुर होते आणि सुरी अडगळीत जाते.

६. रोजचा वापर

कापून झालं की लगेच ओल्या कापडाने पुसा, आंबट कापलं असेल तर दोन भाज्यांच्या मधेही. काम संपल्यावर पाण्याने धुवा आणि कोरडी करा. मोरीत खरकट्या भांड्यांत एकदा सुरी गेली की ती भांडी होईपर्यंत भिजते, आणि घासणाऱ्या मावशींच्या हातातली तारेची घासणी महिन्याचा थर एका मिनिटात उतरवते. भांडी कोण घासतंय याचा प्रश्न नाही. सुरी मोरीत जाऊच नये.

पाणी निथळायला रॅकमध्ये उभी ठेवू नका. जड पाणी वाळलं की क्षाराची पांढरी पुटं मागे राहतात, ती हवेतला ओलावा धरतात आणि त्यांच्याखाली गंज सुरू होतो.

लाकडी पाटावरच कापा. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात चार मिरच्या कापल्या तरी धार दुमडते. चिरलेलं पाटावरून ढकलताना सुरी उलटी करून पाठीने ढकला.

या सुरीने करायची नाहीत अशी कामं: कैरीची कोय फोडणं (त्याला अडकित्ता), नारळ, गुळाची ढेप, मटणाची हाडं, उसाची कांडी, डब्याचं झाकण.

७. धार उतरली की

आठवड्याला चामड्यावर किंवा कागदावर १०-१० वेळा ओढा. त्याने भागेनासं झालं, म्हणजे टोमॅटोची साल दबू लागली, की दगडाची बारीक बाजू, १०-१० घास आणि शेवटचे हलके. जाड बाजू वर्षातून एक-दोनदाच लागावी. दर वेळी तिच्यावर घासणाऱ्याची सुरी दोन वर्षांत विळ्यासारखी झिजते.

धारेकडे पाहून पोलाद ओळखता येतं. कड वाकत असेल तर पातं मऊ आहे, कोन दोन अंश वाढवा. कडेला चंद्रकोरीसारखे बारीक तुकडे उडत असतील तर पाणी जास्त बसलंय. इथेही आधी कोन वाढवून पाहा, आणि तरी तुकडे उडत राहिले तर लोहाराला दाखवा.

८. गंज दिसला तर

हलक्यापासून सुरुवात करा. पहिल्याच दिवशी वॉटर पेपर उचलू नका.

नुसते तांबडे ठिपके: खायच्या सोड्याचा घट्ट लेप आणि बटाट्याची कापलेली फोड. पाच मिनिटं चोळा, धुवा, कोरडी करा.

पसरलेला गंज: चाळलेली चुलीची राख आणि दोन थेंब तेल, कापडाने, पात्याच्या लांबीच्या दिशेने.

चढलेला, खरखरीत गंज: ४०० आणि मग ६०० नंबरचा वॉटर पेपर, ओला. तोही लांबीच्याच दिशेने. काळा थर जाईल, तो पाचव्या पायरीने पुन्हा चढवा.

पात्याच्या पोटावर खड्डे राहिले तर राहू द्या, चालतं. धारेवर खड्डा असेल तर तो जाईपर्यंत दगडावर धार मागे न्यावी लागते.

सावध: लिंबू-मीठ चोळून रातभर ठेवायचा घरगुती उपाय फिरत असतो. लिंबू गंज काढतं खरं, पण मीठ राहिलं की सकाळी दुप्पट गंज दिसतो. करायचंच तर पाच मिनिटं, आणि मग सोड्याच्या पाण्याने धुणं.

९. तेल आणि पावसाळा

तेल खोबरेल. करडईचं किंवा जवसाचं तेल हवेत वाळून थर धरतं. तव्याला ते चांगलं, पात्यावर मात्र जाड राहिलं तर चिकट पिवळा थर होतो आणि त्यावर धूळ बसते. शेंगदाण्याचं तेल उन्हाळ्यात खवट होतं. मशीनचं तेल स्वयंपाकघरात नकोच. हिवाळ्यात खोबरेल गोठलं तर तळहातावर घेऊन चोळा.

दोन थेंब पुरतात. लावा आणि मग सगळंच पुसून काढायचं आहे असं समजून कोरड्या कापडाने पुसा. राहील तेवढं बस. रोज वापरातल्या सुरीला आठवड्यातून एकदा, मृग लागला की रोज रात्री.

माठ, रांजण आणि गॅसवरची वाफ यांच्यापासून सुरी लांब ठेवा. चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नका, चामडं ओल धरतं. गावाला जायचं असेल तर नेहमीपेक्षा थोडं जास्त तेल लावून कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, कोरड्या डब्यात टाका. आल्यावर तो कागद फेका आणि शेंबीच्या तोंडाशी आधी पाहा.